गुरुजींच्या परीक्षेच्या बातम्या आणि आपलं स्पॅनिश

स्पॅनिशची पहिली दोन पुस्तकं संपली की एक ठरलेली फजिती होते. पुस्तकातला हुआन बाजारात जातो, सफरचंदं घेतो, आजीला फोन करतो. ते सगळं कळतं. त्या जोरावर मेक्सिकोतलं एखादं वर्तमानपत्र उघडावं, तर पहिल्याच ओळीत गाडी अडते. मग माणूस परत हुआनकडे जातो.

माझंही तसंच चाललं होतं. सुटका झाली ती योगायोगाने. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे घरात जेवताना विषय निघायचे ते बदल्या, वेतनश्रेणी आणि टीईटी यांचेच. एके दिवशी स्पॅनिश बातमीत मोर्चा काढणारे शिक्षक दिसले, मागणी अशी की आमची परीक्षा घेऊ नका. शब्द निम्मे कळत नव्हते, पण भांडण पाठ होतं! तेव्हापासून नवशिक्यांना मी एकच सांगतो: सगळं वर्तमानपत्र वाचायला जाऊ नका. एक अरुंद विषय धरा, ज्यातलं भांडण तुम्हाला आधीच कळतं, आणि तीन-चार महिने तोच वाचा. मराठी माणसासाठी शिक्षकांच्या परीक्षेचा विषय त्या दृष्टीने फार सोयीचा आहे. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही टीईटी उत्तीर्ण व्हायची की नाही, यावर आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत काय काय बोललं गेलं ते आठवा. तीच वाक्यं मेक्सिकोत २०१३ पासून स्पॅनिशमध्ये बोलली गेली आहेत.

सुरुवातीची तयारी

वर्तमानकाळ, साधा भूतकाळ आणि पाच-सातशे शब्द एवढं भांडवल पुरे. शब्दकोश दोन ठेवा, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत: स्पेनच्या शाही अकादमीचा मोठा कोश, आणि 'कोलेहिओ दे मेहिको' या संस्थेचा मेक्सिकन स्पॅनिशचा कोश. दुसऱ्याचं नाव फारसं कुणी सांगत नाही, पण मेक्सिकोच्या बातम्यांसाठी मला तोच जास्त उपयोगी पडला.

या लेखात स्पॅनिश शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. छापील पानावर ते ओळखायला चार-पाच खुणा ध्यानात ठेवा. 'ह' ऐकू येतो तिथे पानावर बहुतेक वेळा 'जे' असतं, 'ए' किंवा 'इ' च्या आधी 'जी'सुद्धा. 'एच' मुकं असतं. 'ब' च्या जागी 'बी' किंवा 'व्ही', दोन्हींचा उच्चार एकच. 'स' हा 'एस', 'सी' किंवा 'झेड' असू शकतो, आणि दोन 'एल' एकत्र आले की 'य' वाचा. मेहिको आणि वाहाका या नावांत 'ह' च्या जागी 'एक्स' आहे. वाहाका हे आपल्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं राज्य, त्यामुळे ते नाव पानावर एकदा नीट बघून ठेवा. इंग्रजी वळणाने 'ओक्साका' वाचणारे पुष्कळ भेटतात.

पायरी १: शिक्षणाची शिडी

आधी पायऱ्यांची नावं पक्की करा, कारण इथे इंग्रजी आपला घात करतं.

मेक्सिकोत 'प्रेएस्कोलार' म्हणजे बालवाडी, तीन वर्षं. 'प्रिमारिआ' सहा वर्षं, आपली पहिली ते सहावी. 'सेकुन्दारिआ' तीन वर्षं, म्हणजे साधारण सातवी ते नववी. त्यानंतर तीन वर्षांची 'एदुकासिओन मेदिआ सुपेरिओर'. हे नाव भीतीदायक वाटतं, पण फोडून बघा: मेदिआ म्हणजे माध्यमिक, सुपेरिओर म्हणजे उच्च. आपलं 'उच्च माध्यमिक'च, फक्त विशेषण मागे. या टप्प्याला 'बाचियेरातो' किंवा 'प्रेपारातोरिआ' असंही म्हणतात. इंग्रजी बॅचलर आठवून बाचियेरातो म्हणजे पदवी समजू नका. ती बारावी आहे. पदवी म्हणजे 'लिसेन्सिआतुरा'. आणि 'माएस्त्रिआ' म्हणजे पदव्युत्तर पदवी, 'माएस्त्रो' म्हणजे शिक्षक. बातमीत माएस्त्रिआ केलेले माएस्त्रो भेटले तर गोंधळू नका.

देश बदलला की शिडीही बदलते. पेरूमध्ये सेकुन्दारिआ पाच वर्षांची असते. चिलीत पहिल्या आठ वर्षांना 'बासिका' आणि पुढच्या चार वर्षांना 'मेदिआ' म्हणतात. म्हणून सुरुवातीला एकाच देशात राहा. मी मेक्सिको घेतो.

आता पहिलं वाक्य. सरावासाठी मीच रचलंय, आकडा मात्र मेक्सिकोच्या सांख्यिकी संस्थेचा, 'इनेही'चा, २०२० च्या जनगणनेतला:

'ला पोब्लासिओन दे १५ आन्योस इ मास तिएने एन प्रोमेदिओ ९.७ ग्रादोस दे एस्कोलारिदाद.'

'१५ वर्षं व त्यावरील लोकसंख्येचं सरासरी शिक्षण ९.७ इयत्ता आहे.' म्हणजे नववी पुरी होऊन थोडं पुढे, अर्थात सेकुन्दारिआ संपवून जरा वर. हे वाक्य पाठ करा. प्रोमेदिओ म्हणजे सरासरी, ग्रादो म्हणजे इयत्ता, एस्कोलारिदाद म्हणजे शालेय शिक्षण. शिक्षणाच्या पातळीची बहुतेक बातमी याच साच्यावर बेतलेली असते, फक्त राज्याचं नाव आणि आकडा बदलतो: राजधानी मेक्सिको सिटीत ११.५, दक्षिणेतल्या चिआपासमध्ये ७.८. त्याच जनगणनेत 'आनाल्फाबेतिस्मो', म्हणजे निरक्षरता, ४.७ टक्के. त्या शब्दाच्या सुरुवातीचा 'आन' आपल्या 'अनंत', 'अनादी' मधल्या 'अन्' चा दूरचा भाऊ आहे, त्यामुळे लक्षात राहायला सोपा. आणखी एक शब्द वारंवार येईल: 'रेसागो एदुकातिबो'. रेसागो म्हणजे मागे पडणं, शिक्षणातली पिछाडी.

पायरी २: मागची गोष्ट मराठीत समजून घ्या

मालिका मधूनच बघायला बसलं की कोण कुणाची सून हे कळत नाही. बातम्यांचंही तेच आहे. म्हणून कथानक आधी सांगतो.

मेक्सिकोत शिक्षकांची सरकारमान्य संघटना आहे 'एसेएनेतेए', १९४३ पासूनची आणि अवाढव्य. तिच्या कारभाराला कंटाळलेल्या शिक्षकांनी १९७९ मध्ये आतूनच बंडखोर फळी उभी केली, ती 'सेएनेतेए'. पानावर दोन्ही नावांत फक्त पहिल्या अक्षराचा फरक. वाचताना उपपदावर नजर ठेवा: 'एल' असेल तर जुनी संघटना, कारण तिच्या नावातला सिन्दिकातो, म्हणजे संघटना, पुल्लिंगी, 'ला' असेल तर बंडखोर, कारण त्यांच्या नावातली कोओर्दिनादोरा, म्हणजे समन्वय समिती, स्त्रीलिंगी. बंडखोरांचा बालेकिल्ला वाहाकातली 'सेक्सिओन २२'. ही जोडी दिसली की बातमी बहुधा मोर्च्याची.

फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष पेन्या निएतो यांच्या सरकारने राज्यघटना दुरुस्त करून 'रेफोर्मा एदुकातिबा' आणली. नोकरी मिळवायला परीक्षा, बढतीला परीक्षा, आणि सेवेत टिकायलाही 'एबालुआसिओन देल देसेम्पेन्यो', कामगिरीचं मूल्यमापन. तिन्ही संधींत अपुरे ठरलेल्या जुन्या शिक्षकाला वर्गाबाहेरचं काम, आणि परीक्षेला बसलाच नाही तर थेट बडतर्फी. दुरुस्ती राजपत्रात आली त्याच दिवशी, २६ फेब्रुवारीला, जुन्या संघटनेच्या सर्वेसर्वा एल्बा एस्तेर गोर्दिय्यो यांना पैशांच्या अफरातफरीच्या आरोपाखाली अटक झाली. २०१५ च्या अखेरीस पहिली मोठी फेरी झाली, अनेक ठिकाणी पोलीस बंदोबस्तात. १९ जून २०१६ ला वाहाकातल्या नोचिश्त्लान गावी पोलीस आणि आंदोलकांच्या चकमकीत माणसं मेली. २०१८ मध्ये लोपेस ओब्रादोर निवडून आले. ते या सुधारणेला सतत 'ला माल यामादा रेफोर्मा एदुकातिबा' म्हणायचे, 'तथाकथित शैक्षणिक सुधारणा'. १५ मे २०१९ ला, म्हणजे मेक्सिकोच्या शिक्षकदिनीच, ती रद्द करणारी नवी घटनादुरुस्ती छापून आली. सक्तीची एबालुआसिओन गेली. भरती आणि बढतीची व्यवस्था मात्र 'उसिकाम' नावाच्या नव्या विभागाकडे आली, आणि आता भांडण त्याच्याशी आहे.

एवढं डोक्यात असेल तर कोणतीही बातमी उघडा, ती मालिकेचा कितवा भाग आहे हे कळेल.

पायरी ३: मथळे, आणि एका अक्षराचा 'आ'

इथे घाई करू नका. पहिले पंधरा दिवस फक्त मथळे वाचा, रोज दहा.

मेक्सिकन मथळ्याची खोड अशी की तो क्रियापदाने सुरू होतो आणि कर्ता मागे येतो किंवा येतच नाही. सरावासाठी रचलेले हे दोन बघा:

'देस्पिदेन आ माएस्त्रोस एन वाहाका.'
'रेचासान माएस्त्रोस एबालुआसिओन.'

दोन्हींत क्रियापद आधी, शिक्षक नंतर. पहिल्याचा अर्थ 'वाहाकात शिक्षकांना काढलं', दुसऱ्याचा 'शिक्षकांनी मूल्यमापन धुडकावलं'. पहिल्यात शिक्षकांवर कुणीतरी काहीतरी केलं, दुसऱ्यात शिक्षकांनीच केलं. हा फरक ठरवतो तो मधला 'आ'. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हा 'आ' महिनोन्महिने छळतो, कारण इंग्रजीत तसं काही नाही. आपल्याकडे आहे. आपण 'पुस्तक बघितलं' म्हणतो, पण 'बाईंना बघितलं' म्हणतो. कर्म माणूस असलं की 'ला' किंवा 'ना' लागतो. स्पॅनिशचा 'आ' तेच काम करतो. त्यामुळे 'आ माएस्त्रोस' दिसलं की मनात 'शिक्षकांना' म्हणा, आणि 'आ' नसेल तर 'शिक्षकांनी' लावून बघा. नव्वद टक्के मथळे तिथेच सुटतात. हा माझा अंदाज आहे, अभ्यास नव्हे.

पायरी ४: शब्दांचा गठ्ठा

सुटे शब्द पाठ करू नका. एका भांडणातले शब्द एकत्र येतात, तसेच ते वहीत एकत्र ठेवा.

माझी सगळ्यात मोठी चूक 'प्लासा'ची. प्लासा म्हणजे चौक, हे हुआनच्या पुस्तकात शिकलो होतो. बातमीत आलं 'बेन्ता दे प्लासास', आणि मी वहीत इमानदारीत लिहिलं: 'चौकांची विक्री'. मेक्सिकोतले शिक्षक गावातले चौक विकतात अशी माझी दोन दिवस समजूत होती. प्लासा म्हणजे मंजूर पदसुद्धा! विकली जात होती ती शिक्षकाची नोकरी. निवृत्त होताना ती मुलाबाळांच्या नावावर करायची 'एरेन्सिआ दे प्लासास' ही रीतही कुप्रसिद्ध होती. गंमत म्हणजे त्याच बातम्यांत खरा चौकही येतो, राजधानीतला 'सोकालो'. तिथे आंदोलक तंबू ठोकून बसतात त्याला 'प्लान्तोन' म्हणतात. आझाद मैदानातलं ठिय्या आंदोलन डोळ्यांसमोर आणा, शब्द विसरणार नाही. 'पारो' म्हणजे कामबंद. स्पेनमध्ये मात्र त्याच शब्दाचा रोजचा अर्थ बेरोजगारी. 'माहिस्तेरिओ' म्हणजे समस्त शिक्षकवर्ग. 'नोर्मालिस्ता' म्हणजे अध्यापक विद्यालयाचा विद्यार्थी किंवा तिथून बाहेर पडलेला शिक्षक, 'नॉर्मल माणूस' नव्हे. सप्टेंबर २०१४ मध्ये बेपत्ता केले गेलेले आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थी नोर्मालिस्ताच होते, त्यामुळे हा शब्द मेक्सिकोत साध्या आवाजात उच्चारला जात नाही.

'कोम्बोकातोरिआ' म्हणजे भरतीची जाहिरात, आणि त्याच धातूवरून संपाची हाकही. 'आस्पिरान्ते' उमेदवार. 'इदोनेओ' आणि 'नो इदोनेओ' हे २०१३ नंतरच्या भरती परीक्षेचे शिक्के: पात्र, अपात्र. सेवेतल्यांच्या निकालात चार पायऱ्या असायच्या: इन्सुफिसिएन्ते, सुफिसिएन्ते, बुएनो, देस्ताकादो. अपुरा, पुरेसा, चांगला, उल्लेखनीय. 'दे बासे' म्हणजे कायम, 'इन्तेरिनो' म्हणजे तात्पुरता. शिक्षणसेवक राहिलेल्यांना हा फरक कोशात बघावा लागणार नाही.

पास-नापासाची जोडी मात्र जपून. 'आप्रोबार' म्हणजे उत्तीर्ण होणं. कायदा 'आप्रोबार' केला तर तो मंजूर होणं. नापास होणं मेक्सिकोत 'रेप्रोबार', स्पेनमध्ये 'सुस्पेन्देर'. २०१३ च्या मार्चमध्ये माद्रिद प्रांताने जाहीर केलं की शिक्षकपदाच्या परीक्षेत, १२ वर्षांच्या मुलांना यायला हवं अशा प्रश्नांच्या भागात, ८६ टक्के उमेदवार नापास झाले होते. ती बातमी सुस्पेन्देर या क्रियापदावर उभी होती. मेक्सिकन सवयीच्या वाचकाला वाटावं, एवढ्या लोकांना निलंबित केलं की काय!

पायरी ५: आकडे

मेक्सिकोत दशांशाला टिंब आणि हजाराला स्वल्पविराम, आपल्यासारखंच. स्पेन, चिली, अर्जेंटिनात नेमकं उलटं, तिथे सरासरी ९,७ अशी छापतात. 'मिल मियोनेस' म्हणजे १०० कोटी, आपला अब्ज. आणि 'बियोन' म्हणजे इंग्रजी बिलियन नव्हे, एक लाख कोटी. शिक्षणाच्या अंदाजपत्रकाची बातमी वाचताना इथे हजारपट चूक होते, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पीसा, म्हणजे १५ वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या बातम्या आकड्यांच्या सरावाला उत्तम: २०२२ मध्ये मेक्सिकोचे गणितात ३९५, वाचनात ४१५, विज्ञानात ४१० गुण, ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी अनुक्रमे ४७२, ४७६, ४८५. हे आकडे आधी ठाऊक असले की त्यांच्याभोवतीची वाक्यं आपोआप उलगडतात.

पायरी ६: एकच बातमी दोन पत्रांत

मथळे सुटू लागले की पहिला परिच्छेद वाचा, आणि तीच बातमी दोन ठिकाणी. 'ला होर्नादा' हे डाव्या वळणाचं पत्र आहे, 'रेफोर्मा' उद्योगजगताच्या जवळचं, 'एल उनिबेर्साल' १९१६ पासूनचं जुनं. अगदी सुरुवातीला 'बीबीसी मुन्दो' घ्या, तिथे सगळ्या देशांच्या वाचकांना कळेल अशी भाषा असते. परिच्छेदातले फक्त पाच शब्द कोशात बघायचे, सहावा बघायचा नाही. हा नियम जाचक वाटतो, पण तो मोडला की वाचन संपतं आणि कोश चाळणं सुरू होतं.

विशेषणांखाली रेघ मारा. एबालुआसिओनच्या मागे 'पुनितिबा', म्हणजे शिक्षा करणारी, असं आलं की आवाज शिक्षकांचा. 'कालिदाद', म्हणजे गुणवत्ता, वारंवार आलं की बहुधा आवाज सुधारणेच्या बाजूचा. २०१३ च्या घटनादुरुस्तीत तो शब्द मुद्दाम घातला होता.

मे २०२५ मधल्या संपाच्या बातम्या यासाठी चांगल्या. १५ मे पासून सेएनेतेएचा प्लान्तोन सोकालोत होता आणि मुख्य शब्द होता 'आब्रोगासिओन', कायदा रद्द करणं. कोणता कायदा? २००७ चा, ज्याने सरकारी नोकरांचं निवृत्तिवेतन वैयक्तिक खात्यांवर नेलं. मार्च २०२३ मध्ये आपल्याकडे जुन्या पेन्शनसाठी संप झाला होता, तो आठवणाऱ्याला या बातम्या निम्म्या आधीच वाचलेल्या वाटतील.

पायरी ७: 'म्हणे'

बातमीत 'आब्रिआ' हे रूप दिसेल, उदाहरणार्थ 'आब्रिआ बेन्दिदो प्लासास'. व्याकरणाचं पुस्तक सांगेल की हा संकेतार्थ, 'विकली असती'. बातमीत तसं वाचू नका. इथे पत्रकार अंग काढून घेतोय: 'पदं विकली म्हणे'. मराठीतला हा एक शब्द त्या अख्ख्या क्रियापदरूपाला पुरतो. 'प्रेसुन्तो' म्हणजे कथित, तेही त्याच घरातलं.

पुढे कुठे?

तीन-चार महिन्यांनी पेरूला जा. तिथे पेद्रो कास्तिय्यो नावाच्या ग्रामीण प्राथमिक शिक्षकाने २०१७ मध्ये एबालुआसिओनविरुद्धचा मोठा संप चालवला आणि २०२१ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. डिसेंबर २०२२ मध्ये संसद बरखास्त करायला गेला आणि पदच्युत झाला. तिथे पारोपेक्षा 'उएल्गा' जास्त दिसेल, आणि कायम शिक्षक 'नोम्ब्रादो', कंत्राटी 'कोन्त्रातादो'. आकडेवारीची आवड असेल तर मेक्सिकोतल्या 'मीआ' या चाचणीचे अहवाल शोधा. आपल्या 'प्रथम'च्या 'असर' सर्वेक्षणाच्या धर्तीवर तिथे स्वयंसेवक घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला देतात. पद्धत आपली, भाषा त्यांची, त्यामुळे वाचायला हलके.

जाता जाता एक मथळा तुमच्यासाठी, मीच रचलेला: 'रेप्रुएबान माएस्त्रोस एबालुआसिओन.' 'आ' नाही, म्हणजे 'शिक्षकांनी'. रेप्रोबार म्हणजे नापास होणं, म्हणून 'शिक्षक मूल्यमापनात नापास'. पण कोश उघडा: रेप्रोबारचा दुसरा अर्थ निषेध करणं. म्हणजे 'शिक्षकांकडून मूल्यमापनाचा निषेध'. नुसत्या मथळ्यावरून ठरवता येत नाही, खालची बातमी वाचावीच लागते. मी हा आईला दोन्ही अर्थ सांगून दाखवला. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "आधी निषेध केला असेल, मग बसले असतील."